पास आउट झाली, म्हणजे नक्की काय झाली?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. "तुमच्या घरात अलीकडे कुणी पास आउट झालं का हो?" असं कुणी विचारलं, तर तुम्ही काय सांगाल? बहुतेक जणी कौतुकानं म्हणतील, "हो ना! आमची धाकटी यंदाच बी.एस्सी. पास आउट झाली." हाच प्रश्न लंडनच्या नाहीतर न्यूयॉर्कच्या एखाद्या गृहिणीला विचारा. ती दचकून म्हणेल, "नाही बाई, आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत!" कारण तिच्या बोलण्यात पास आउट होणं म्हणजे शुद्ध हरपून पडणं.

शब्द तोच, तोही इंग्रजीच. पण एकीकडे तो ऐकून पेढे आणायचे आणि दुसरीकडे डॉक्टरला हाक मारायची! ऐकायला गंमत वाटते खरी. पण या गमतीच्या पोटात आपल्या कामाच्या दोन-तीन गोष्टी आहेत, म्हणून आज हा विषय.

आमच्या सावंगीत हा शब्द जितका कानावर पडतो तितका क्वचितच कुठं पडत असेल. वर्धा शहराला लागून असलेलं हे गाव. विदर्भात सावंग्या पुष्कळ, म्हणून ओळखीसाठी आमच्या सावंगीपुढं 'मेघे' लावायचं. बोरगाव आणि सिंदी यांच्यापुढंही ते असंच लागलेलं आहे. १९९० साली इथं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्या जोडीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. पलीकडे सेवाग्रामला १९६९ सालापासूनचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं महाविद्यालय आहेच. म्हणजे आमच्या एवढ्याशा जिल्ह्यात डॉक्टर घडवणारी दोन मोठी ठिकाणं.

त्यामुळे होतं काय, की पांढरा कोट हातावर टाकून चहाच्या टपरीवर उभी असलेली मुलं म्हणतात, "अरे, आपली बॅच पास आउट होणार, फोटो काढून घेऊ." आणि त्याच रस्त्यानं खेड्यापाड्यांतून आलेली माणसं कुणा चक्कर आलेल्या सुनेला नाहीतर भोवळ येऊन पडलेल्या म्हातारीला आधार देत दवाखान्याकडे निघालेली असतात. इंग्रजीत बोलायचं तर दोघंही 'पास आउट'च! आता एकाच शब्दाचे असे दोन टोकांचे अर्थ झाले कसे?

इंग्रजीत क्रियापदाला एक चिमुकला शब्द जोडतात आणि अर्थ पार पालटून टाकतात. 'पास' म्हणजे ओलांडून जाणं, पार होणं. त्याला 'बाय' जोडला की जवळून निघून जाणं. 'ऑन' जोडला की निरोप पुढं पोचवणं. 'अवे' जोडला की थेट देवाघरी जाणं. आणि 'आउट' जोडला की आपला आजचा विषय. शाळेत मुली मला नेहमी विचारतात, "बाई, पास म्हणजे पास आणि आउट म्हणजे बाहेर. मग यात बेशुद्ध कुठून आलं?" प्रश्न अगदी रास्त आहे. या जोडशब्दांचे अर्थ सुटे करून लागत नाहीत, ते अखंडच लक्षात ठेवावे लागतात.

पण इंग्रजी भलतीच अवघड म्हणून कपाळाला हात लावण्याआधी जरा आपल्या मराठीकडे बघा. आपण काय कमी आहोत? नुसता 'बाहेर' शब्द घ्या. 'ती बाहेर पडली' म्हणजे घरातून निघाली. 'ती बाहेर बसली' म्हणजे काय, ते आपल्या आई-आजींना विचारा. महिन्याचे चार दिवस! आणि 'ती बाहेरून बसली' म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता तिनं बोर्डाची परीक्षा दिली. एका 'ऊन'चा फरक, बघा! शिवाय 'तिला बाहेरचं झालंय' म्हटलं की म्हातारी माणसं लिंबू-मिरच्या शोधायला लागतात. 'बाहेरख्याली' तर आणखीच निराळं प्रकरण. आता एखाद्या इंग्रज बाईनं मराठी शिकायला घेतलं आणि 'बाहेर बसली' याचा अर्थ 'ओट्यावर बसली' असा केला, तर तिला हसायचं का? नाही. तसंच आपल्यालाही कुणी हसू नये.

'पडणे'चंही तेच. आपण आजारी पडतो, प्रेमात पडतो, महागात पडतो, तोंडघशी पडतो. पाऊस पडतो आणि नावही पडतं. यातल्या किती ठिकाणी खरोखर जमिनीवर पडायचं असतं? लहानपणापासून कानावर पडलं (हेही पडणंच!) म्हणून आपल्याला ते अवघड वाटत नाही, इतकंच.

तर, इंग्रजी बोलणारे लोक 'पास आउट' कसं वापरतात ते आधी नीट बघू. पहिला आणि सगळ्यांत रूढ अर्थ म्हणजे थोडा वेळ शुद्ध हरपणं. उन्हात फार वेळ उभं राहिल्यानं, रक्त पाहून, उपाशीपोटी, दुखणं असह्य होऊन, असं कशानंही. हा बोलण्यातला शब्द आहे. डॉक्टर कागदावर लिहिताना दुसरा भारदस्त शब्द लिहितील, पण रोग्याला विचारताना हाच विचारतील. याला एक वाईट वासही आहे. खूप दारू पिऊन कुणी लोळागोळा होऊन पडला, तरी तिकडे हाच शब्द वापरतात. आणि दिवसभर राबून कुणी कोचावर अंग टाकताच गाढ झोपलं, तर त्यालाही गमतीनं 'पास आउट झाला' म्हणतात. दुसरा अर्थ मुख्यतः अमेरिकेतला, तो म्हणजे वाटणं. तिकडची शिक्षिका वर्गात कागद 'पास आउट' करते, म्हणजे एकेकाला वाटते, स्वतः कोसळत नाही!

तिसरा अर्थ सैन्यातला, आणि तोच आपल्या 'पास आउट'चा मूळ पुरुष. सैनिकी शिक्षण पुरं झालं की छात्रांचं शेवटचं संचलन होतं. त्याला 'पासिंग आउट परेड' म्हणतात. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथलं हे संचलन तुमच्यापैकी अनेकींनी दूरदर्शनवर पाहिलं असेल. तिथं हा शब्द अगदी अक्षरशः खरा ठरतो. छात्र रांगेनं चालत निघतात आणि शिक्षणाच्या त्या जागेतून खरोखरच बाहेर पडतात. ब्रिटनमध्ये हा अर्थ आजही सैन्य, पोलीस अशा शिक्षणापुरताच आहे. आपल्याकडे मात्र तो बराकी ओलांडून कॉलेजच्या आवारात शिरला. मग बारावीला लागला, आय.टी.आय.ला लागला, डी.एड.ला लागला, आणि आता तर बालवाडीतली चिमुरडी काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून 'पास आउट' होतात!

या पासिंग आउटवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत वर्षानुवर्षं फक्त मुलगेच घेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं मुलींनाही प्रवेश परीक्षेला बसू द्या असं सांगितलं, २०२२ साली मुली दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ रोजी १४८व्या तुकडीबरोबर १७ मुली मुलांच्या खांद्याला खांदा लावून त्या संचलनातून बाहेर पडल्या. प्रबोधिनीच्या इतिहासात पहिल्याच. त्या मुलींना 'पास आउट झाल्या' म्हणायला जगातल्या कुठल्याही इंग्रजी पंडिताची हरकत असणार नाही!

आता आपले मराठी शब्द बघा. 'उत्तीर्ण' हा शब्द तरणे, तरून जाणे यातला. म्हणजे नदी ओलांडून पैलतीरी पोचलेली ती उत्तीर्ण. 'पास'चाही अर्थ ओलांडणंच. दोन वेगळ्या भाषा, पण परीक्षा म्हटल्यावर दोघींनाही ओलांडायची गोष्टच आठवली! 'स्नातक' म्हणजे न्हालेला. गुरूच्या घरचं शिक्षण संपलं की शिष्याला विधीनं स्नान घालत आणि मग तो घरी परते. आपल्या घरांतून मुंजीनंतर सोडमुंज करतात ना, ती त्याचीच खूण. सोडमुंज म्हणजे जुन्या काळचं पास आउट होणंच. मुलींच्या वाट्याला ना मुंज होती, ना सोडमुंज. म्हणून वाटतं, आपल्या लेकी दोन टाळ्यांच्या मध्ये का होईना, पण 'पास आउट' झाल्याचं मिरवतात, तर मिरवू द्यावं.

आणि 'नापास'ची गंमत तर सांगायलाच हवी. 'ना' फारसीतला, जसा नापसंत, नालायक, नाराज यांतला. 'पास' इंग्रजीतला. दोघांचं लग्न लावून दिलं मराठी माणसांनी, आणि संसार असा झकास चालला की हा शब्द परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. इंग्रजाला 'नापास' कळणार नाही, इराण्यालाही कळणार नाही. पण निकालाच्या दिवशी आपल्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा ते समजतं.

मग आपण 'पास आउट' म्हणतो ते चूक की बरोबर? यावर दोन बाजूंनी रागावणारी माणसं भेटतात. मराठीचा अभिमान असणाऱ्या बाई म्हणतात, "उत्तीर्ण झाली म्हणा ना, जीभ झिजते का?" इंग्रजीचे जाणकार म्हणतात, "असं इंग्रजी इंग्लंडात कुणी बोलत नाही, हे अडाणीपणाचं आहे." मला दोघांचंही पुरतं पटत नाही. उत्तीर्ण हा शब्द सुरेख आहे, तो वापरावाच. पण तो परीक्षेपुरता आहे. 'पास आउट'मध्ये परीक्षेबरोबर ती संस्था सोडून बाहेर पडणंही येतं, म्हणून लोकांना तो हवासा वाटतो. आणि अडाणीपणाचं म्हणाल, तर देशभरातली शिकलेली माणसं एक शब्द एकाच अर्थानं वापरतात आणि समोरच्याला तो बिनचूक कळतो, तिथं त्याला चूक कसं म्हणायचं? 'प्रीपोन' हा शब्दही आपल्याकडचाच. कार्यक्रम अलीकडे घेतला तर आपण 'प्रीपोन केला' म्हणतो. पूर्वी त्याला हसत असत. आज तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला आहे.

शब्द बरोबर की चूक हे नुसत्या शब्दाकडे बघून ठरत नाही, ऐकणारा कोण आहे यावर ठरतं. भाजी फोडणीला टाकताना आपण खाणाऱ्याचं तोंड आठवतो ना? सासऱ्यांना तिखट चालत नाही, मुलाला लसूण हवा. तसंच हे. शेजारणीशी बोलताना, गावातल्या नोकरीच्या अर्जात, शाळेच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खुशाल 'पास आउट' म्हणा. परदेशातल्या माणसाशी बोलताना मात्र तो शब्द फडताळात ठेवा.

ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी माहिती लिहून अमेरिकेतल्या एका मराठी कुटुंबाला पाठवली. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, की मुलगी २०१९ साली पुण्याच्या कॉलेजात पास आउट झाली. मुलगा लहानपणापासून तिकडेच वाढलेला. फोनवर बोलणं झालं तेव्हा त्यानं बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं आणि शेवटी चाचरत म्हणाला, "तेव्हा काय झालं होतं? आता तब्येत बरी असते ना?" इकडे मुलीची आई गोंधळली. "आमच्या मुलीला काय धाड भरलीय?" असं तिच्या अगदी तोंडावर आलं होतं! मुलगी समजूतदार. तिनंच हसत हसत उलगडा केला, म्हणून बरं. उलगडा झाला नसता तर? 'मुलीला काहीतरी दुखणं आहे, लपवताहेत' असा समज तिकडे, आणि 'मुलगा फार चौकशा करतो' असा समज इकडे. एका शब्दापायी!

तेव्हा मुलांना परदेशी पाठवणाऱ्या, तिकडे अर्ज करणाऱ्या मैत्रिणींनी एवढं लक्षात ठेवावं. पदवी मिळाली असं सांगायचं तर 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं. कुठून मिळाली ते सांगायला पुढं 'फ्रॉम' आणि कॉलेजचं नाव. परीक्षेत यश मिळालं तर नुसतं 'पास्ड', पुढं 'आउट' नको. शाळा सोडली, अभ्यासक्रम संपवला यासाठी 'फिनिश्ड' किंवा 'कम्प्लीटेड' चालतं. आणि 'मी २००५ची पासआउट' असं जे आपण स्वतःलाच नाव देतो, ते तर अगदी आपलं घरगुती आहे, तिकडे ते कुणाला कळणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. परदेशाचं एक वेळ राहू द्या. हा शब्द आपल्या दवाखान्यातही घोटाळा करतो, आणि तो घोटाळा हसण्यावारी नेण्यासारखा नसतो.

आमच्या आळीतल्या एक वहिनी आहेत. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करतात. मागे एका वर्षी सातव्या माळेला स्वयंपाकघरात कोसळल्या. घरच्यांनी एका दवाखान्यात नेलं. तपासणारे डॉक्टर तरुण, बाहेरच्या प्रांतातले. त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "ताई, तुम्ही पास आउट झालं होतं का?" वहिनी आमच्या वर्ध्याकडच्या. त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "हाव जी, मी तं बारावी पास आउट आहो, दोन हजार पाचची!" डॉक्टर बघतच राहिले. मग वहिनींच्या सासूबाईंनी सांगितलं, "अजी, तिले काही नाही झालं, जराशी चक्कर आली फकस्त."

वहिनी स्वतःच हा किस्सा सांगून सगळ्यांना हसवतात. पण पुढचं ऐका. डॉक्टरांनी चिकाटी सोडली नाही. चक्कर म्हणजे काय झालं, घर फिरल्यासारखं वाटलं, की डोळ्यांपुढे अंधारी आली, की काहीच आठवत नाही, असं एकेक विचारत गेले. तेव्हा कळलं, की अशा त्या महिन्याभरात तीनदा पडल्या होत्या आणि तीनही वेळा घरात 'जराशी चक्कर' एवढीच नोंद झाली होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात! बाईमाणसाचं ते बाराच्या खाली असू नये. उपास हे निमित्त झालं, खरं दुखणं कित्येक महिन्यांचं होतं.

आणि हे काही एकट्या वहिनींचं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरात ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या महाराष्ट्रात शंभरात ५४. म्हणजे हे वाचणाऱ्या आपण दोघी-दोघींतली एक!

म्हणून म्हणते, दवाखान्यात गेल्यावर इंग्रजी शब्द शोधत बसू नका. या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे, तिचा उपयोग करा. 'गरगरलं' म्हणजे आजूबाजूचं सगळं फिरतंय असं वाटलं. हे पुष्कळदा कानाच्या आतल्या भागातल्या बिघाडानं होतं. 'भोवळ आली', 'डोळ्यांपुढे अंधारी आली' म्हणजे पडता पडता सावरलं. मेंदूला रक्त जरा कमी पोचलं की असं होतं. 'शुद्ध हरपली' म्हणजे मधला काही वेळ आठवतच नाही. हेच इंग्रजीतलं खरं पास आउट. आणि 'आकडी आली', 'फिट आली' म्हणजे हातपाय ताठले, झटके आले, दातखिळी बसली. ही चारही दुखणी निराळी, त्यांची औषधंही निराळी. आपण सगळ्यांना मिळून 'चक्कर' म्हणून मोकळ्या होतो आणि डॉक्टरला अंधारात ठेवतो.

जिची शुद्ध हरपली तिला स्वतःला काहीच सांगता येत नाही, म्हणून जिनं पाहिलं तिनं बरोबर जावं. पडण्याआधी काय चाललं होतं? उभी होती, बसली होती, की अंथरुणातून एकदम उठली होती? घाम आला, मळमळलं, छातीत धडधडलं का? किती वेळ शुद्ध नव्हती? अंगाला झटके आले का, जीभ चावली गेली का, कपड्यात लघवी झाली का? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखलं, की बराच वेळ गोंधळलेली होती? पाळी जास्त जाते का, दिवस गेले आहेत का, साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे का? एवढं नीट सांगितलंत तर डॉक्टरचं निम्मं काम झालं. यातलं काही सांगायला लाजू नका, पाळीचं तर मुळीच नाही.

आणि घरात कुणी अशी पडलीच तर काय करावं? आडवी निजवावी, पाय उशीवर किंवा पाटावर जरा उंच ठेवावेत, गळ्याशी-कमरेशी कपडे सैल करावेत, वारा येऊ द्यावा. भोवती गर्दी करू नये. शुद्ध नसताना तोंडात पाणी, चहा, साखर काहीही घालू नये, ते श्वासात जातं. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं हे आपले जुने उपाय, त्यांत वेळ घालवू नये. साधी भोवळ असेल तर मिनिटाभरात डोळे उघडतात. मग लगेच उभं करू नये, थोडा वेळ तशीच राहू द्यावी. मिनिटभर होऊनही शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, डोक्याला मार लागला असेल, गरोदर असेल, मधुमेह असेल, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. अशा दिवसांत कुणी उन्हातून येऊन बरळू लागली, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावं, अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखान्यात न्यावं. आणि एकदा भोवळ येऊन गेली, मग बरं वाटलं, तरी रक्त तपासून घ्यायला विसरू नये.

या दोन अर्थांचा विचार करताना मला आनंदीबाई जोशी आठवतात. ११ मार्च १८८६ रोजी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही ठरली. पण त्यांना क्षयानं गाठलं होतं. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षंही पुरी झाली नसताना त्या गेल्या. केवढ्या कष्टानं बाहेर पडल्या, आणि शरीरानं साथ दिली नाही. आज त्यांच्याच वाटेनं शेकडो मुली आमच्या सावंगीतून डॉक्टर होऊन बाहेर पडतात. अशा वेळी त्यांच्यासमोर बसून आपण स्वतःच्या दुखण्याला 'जराशी चक्कर' म्हणावं, हे मला फार विचित्र वाटतं.

आपल्या बायकांची एक सवय आहे बघा. कुणी शिक्षण विचारलं की म्हणायचं, "काही नाही हो, नुसती बारावी पास आउट." कुणी तब्येत विचारली की म्हणायचं, "काही नाही हो, जराशी चक्कर." दोन्हीकडे 'काही नाही'! वास्तविक दोन्हीकडे पुष्कळ काही असतं. वहिनींची बारावी घ्या. त्यांनी ती बाहेरून दिली होती, सतरा नंबरचा फॉर्म भरून, कडेवर वर्षाची मुलगी असताना. हे त्या कधी सांगत नाहीत, त्यांच्या सासूबाईंनीच आम्हाला सांगितलं. आता त्या लोहाच्या गोळ्या घेतात, उपासाला शेंगदाणे, राजगिरा आणि खजूर खातात, आणि गेल्या वर्षी त्यांचं हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. "यंदा मी रक्तात पास झाली," असं त्या म्हणतात. 'आउट' मात्र लावत नाहीत!

तुमच्या भागात भोवळीला काय म्हणतात? घेरी, झीट, अंधारी, की आणखी काही? आणि तुमच्याकडे 'पास आउट'नं कुणाची फजिती केली असेल तर तीही जरूर कळवा. पण त्याआधी, गेल्या वर्षभरात तुम्हाला स्वतःला एकदा जरी भोवळ आली असेल, तर या आठवड्यात रक्त तपासून या. पत्र मागाहून लिहिलंत तरी चालेल.